आम्सटर्डॅमच्या अक्षरांचा कित्ता

अठराव्या शतकात मध्य युरोपात हाताने लिहिलेल्या ज्यू पोथ्यांच्या पहिल्या पानावर एक ओळ पुन्हा पुन्हा भेटते : ‘आम्सटर्डॅमच्या अक्षरांत’. पोथी लिहिलेली असते व्हिएन्नात, नाहीतर हाम्बुर्गला खेटून असलेल्या आल्टोनात, नाहीतर मोराव्हियातल्या एखाद्या लहान गावात. मिरवते मात्र आम्सटर्डॅमचं नाव. बरं, ही आम्सटर्डॅमची अक्षरं म्हणजे कुणा थोर लेखनिकाचं वळण नव्हे. ती छापखान्यातल्या खिळ्यांची अक्षरं आहेत. चर्मपत्रावर, पिसाच्या लेखणीने, एकेक अक्षर बसवत जाणारा माणूस गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगतो आहे, की माझं अक्षर छापल्यासारखं आहे.

मी सुलेखन शिकवते. ‘छापल्यासारखं अक्षर’ हे आपल्याकडेही कौतुकच आहे. शाळेच्या वहीवर तसा शेरा मिळाला की मूल घरभर वही दाखवत फिरतं. तरीही ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. हाताने यंत्रापुढे मान तुकवली, असं वाटलं. त्या पोथ्यांबद्दल जसजसं वाचत गेले, त्यांच्या पानांची छायाचित्रं जवळून पाहत गेले, तसतसं माझं मत बदललं. ते कसं बदललं तेच इथे मांडते आहे.

काय घडलं

हिब्रू छपाई १४७०च्या दशकात इटलीत सुरू झाली. पेसाहच्या (ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या) रात्री घरोघरी वाचायची हग्गादा, म्हणजे मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेची कथा, प्रार्थना आणि गाणी यांचं पुस्तक, प्रागमध्ये १५२६ साली लाकडी ठशांच्या सुंदर चित्रांसह छापलं गेलं. १६०९ मध्ये व्हेनिसची सचित्र हग्गादा आली, १६९५ मध्ये आम्सटर्डॅमची. सतराव्या शतकाच्या अखेरीस सचित्र छापील हग्गादा नवलाची राहिली नव्हती. पंधराव्या शतकात सचित्र हस्तलिखितं करणारे फिरते लेखनिक होते, त्यांचा धंदा छपाईने हळूहळू आटवला. इटलीत लग्नाचा करार, म्हणजे केतुबा, हाताने नटवण्याची चाल टिकली. पण पुस्तकं नटवण्याची कला मध्य युरोपात जवळजवळ विझली होती.

आणि मग १७१०च्या सुमाराला ती पुन्हा पेटली. मोशे येहूदा लेब बेन वोल्फ ब्रोडा, गाव त्रेबिच, याने १७१६-१७ मध्ये एक हग्गादा लिहिली; ती आज अमेरिकेत सिन्सिनाटीला आहे. त्यानेच १७२३ मध्ये फान गेल्डर्न घराण्यासाठी दुसरी लिहिली. (जर्मन कवी हाइनरिश हाइने याच्या आईचं माहेर तेच.) योसेफ बेन दाविद, गाव लिपनिक, आल्टोना-हाम्बुर्गला जाऊन राहिला आणि १७३०च्या दशकात त्याने एकामागून एक हग्गादा केल्या, १७३८ची एक आम्सटर्डॅममध्ये रोझेन्थाल संग्रहात आहे, १७४०ची लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. मेझेरिचचा नाथान बेन शिमशोन, पोल्नाचा मेशुल्लम झिमेल, येविचकोचा आरोन वोल्फ हेर्लिंगेन. नावामागून गाव येत जातं आणि गावं नकाशावर शोधली तर बहुतेक बोहेमिया-मोराव्हियाच्या त्याच पट्ट्यात सापडतात. आजच्या झेक देशात.

प्रश्न असा : छपाईला अडीचशे वर्षं होत आली असताना हाताने लिहिलेल्या पुस्तकाला गिऱ्हाईक कुठून आलं? आणि आलं, तर त्याला छापल्यासारखंच अक्षर का हवं होतं?

सोफेरचा हात

आधी हा हात कसा घडायचा ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) वाचली जाणारी सेफेर तोरा, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची गुंडाळी, छापून चालत नाही. आजही नाही. चर्मपत्रावर, ठरल्या शाईने, सोफेरनेच, म्हणजे धर्मग्रंथ लिहिणाऱ्या लेखनिकानेच ती लिहायची. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरं असतात आणि एक अक्षर गळलं तरी ते दुरुस्त होईपर्यंत ती वाचायला अयोग्य ठरते. ओळी आखायच्या त्या शाईने नाही. टोकदार सळईने चर्मपत्रावर नुसती खूण उठवायची, आणि हिब्रू अक्षर त्या रेघेवर बसत नाही, तिला लोंबकळतं. (देवनागरी लिहिणाऱ्याला हे चटकन समजतं, आपलीही अक्षरं शिरोरेघेला टांगलेली.) समोरच्या प्रतीत पाहून, शब्द तोंडाने उच्चारून मग लिहायचा. पाठ असला तरी मनाने लिहायचा नाही. देवाचं नाव लिहिण्यापूर्वी मन त्यावर आणायचं, आणि तिथे चूक झाली तर खोडायचंही नाही. ते चर्मपत्र बाजूला काढून ठेवायचं आणि पुढे जमिनीत पुरायचं. काही अक्षरांच्या डोक्यावर बारीक मुकुटासारख्या रेघा येतात, त्याही कुठे नि किती हे ठरलेलं. चित्र नाही, रंग नाही, वेलबुट्टी नाही. आणि लिहिणाऱ्याची सही नाही. वर्षभर खपून लिहिलेल्या त्या भल्यामोठ्या गुंडाळीत सोफेरचं नाव कुठेही येत नाही.

ही शिस्त अंगात मुरलेला माणूस संध्याकाळी हग्गादेचं पान पुढे घेतो तेव्हा काय होत असेल? हग्गादेला यातला एकही नियम नाही. ती घरात वाचायची, मेजावर, पोराबाळांच्या गलक्यात. छापली तरी चालते, चित्रं काढली तरी चालतात, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव आणि गाव लिहिलं तरी कुणी अडवत नाही. हे सगळे चित्रकार सेफेर तोरा लिहिणारेच होते असं मी म्हणत नाही. त्यांतले काही शिक्षक असत, काही सिनेगॉगच्या नोकरीत. पण लिपीचं वळण, चर्मपत्राची तयारी, सळईने आखणी हे सगळं त्या एकाच परंपरेतून आलेलं. छपाईने पुस्तकांचा धंदा नेला, पण सेफेर तोरा, दाराच्या चौकटीवर लावायची धर्मवचनांची मेझुझा, एस्तेरची मेगिल्ला (राणी एस्तेरच्या कथेची गुंडाळी) हे काम तिला नेता आलं नाही. म्हणून दोनशे वर्षं हात शाबूत राहिला. १७१०ला मागणी आली तेव्हा कला नव्याने शोधावी लागली नाही. गावोगाव ती तयार बसलेली होती.

छापा आणि हात यांची गाठ याआधीही पडली होती, हेही सांगायला हवं. मूळचा मांतोव्हाचा शालोम इतालिया हा कोरीवकार १६४०च्या दशकात आम्सटर्डॅममध्ये एस्तेरच्या मेगिल्लांसाठी तांब्याच्या पत्र्यावर कमानी, फुलं, राजा-राणीच्या आकृती कोरत होता. ती चौकट चर्मपत्रावर छापायची आणि मधल्या रिकाम्या जागेत सोफेरने मजकूर हाताने लिहायचा, कारण विधीसाठी मेगिल्लेचा मजकूर हाताचाच लागतो. एकाच पानावर कडेला यंत्र, मधे माणूस. मला हा तोडगा फार आवडतो. नियमही सांभाळला गेला आणि पानही सजलं.

कित्ता कुठला

आम्सटर्डॅममध्ये हिब्रू छपाई १६२७ साली मेनाशे बेन इस्राएल याने सुरू केली. पुढे योसेफ आतियास याच्या छापखान्यासाठी ख्रिस्तोफेल फान डाइक या डच कारागिराने हिब्रू खिळे कोरले. ठाशीव, भरीव, काळे-पांढरे यांचा तोल अचूक राखणारं ते अक्षर इतकं गाजलं की दुसऱ्या गावांतले छापखानेही आपल्या पुस्तकांवर ‘आम्सटर्डॅमच्या अक्षरांत’ असं छापू लागले. ‘आम्सटर्डॅम’ हा शब्द मोठ्ठा आणि ‘च्या अक्षरांत’ एवढंच बारीक, म्हणजे घाईत पाहणाऱ्याला पुस्तक तिथलंच वाटावं. आपल्याकडे ‘निर्णयसागरी टाइप’ म्हटलं की जाणकाराच्या डोळ्यांपुढे एक दर्जा उभा राहतो. जावजी दादाजी आणि राणूजी रावजी आरू यांनी घडवलेल्या त्या देवनागरीचं नाव जसं विशेषण झालं, तसंच हे.

तेव्हा लेखनिकाने ते शब्द आपल्या पोथीवर लिहिले यात शरणागती शोधायचं कारण नाही. त्या काळी हिब्रू अक्षराचं सर्वांत देखणं रूप योगायोगाने धातूत होतं. लेखनिकाने ते कित्ता म्हणून समोर ठेवलं. कित्ता दगडाचा, धातूचा की गुरुजींच्या हातचा, याने गिरवणाऱ्याला काय फरक पडतो? वळण चांगलं असलं की झालं.

चित्रांचा कित्ताही आम्सटर्डॅमचाच. १६९५च्या त्या हग्गादेची चित्रं तांब्याच्या पत्र्यांवर कोरली होती अब्राहाम बार याकोब याने. हा मूळचा ऱ्हाइनकाठचा ख्रिस्ती धर्मोपदेशक, पुढे ज्यू झालेला. त्याने चित्रं कुठून घेतली? बाझेलला जन्मलेल्या मातेउस मेरियन या ख्रिस्ती कोरीवकाराने १६२५ ते १६३०च्या दरम्यान बायबलची चित्रमाला काढली होती, तिथून. हग्गादेत चार मुलगे येतात : शहाणा, दुष्ट, भोळा आणि ज्याला प्रश्नही विचारता येत नाही असा. आधीच्या हग्गादांत ते सुटेसुटे यायचे. अब्राहामने चौघांना एका ओळीत उभं केलं, पण माणसं मेरियनकडून उसनी आणली. मेरियनच्या एका बायबलबाहेरच्या चित्रात कार्थेजचा सेनापती हॅनिबल वेदीपाशी आहे. त्या चित्रातल्या दोघांपैकी एक झाला शहाणा मुलगा, दुसरा झाला प्रश्न न विचारता येणारा. भोळा मुलगा म्हणजे राज्याभिषेकाच्या चित्रातला बायबलमधला शौल राजा. दुष्ट मुलगा भाला घेतलेला शिपाई.

आता साखळी पाहा. ख्रिस्ती चित्रकाराच्या हॅनिबलच्या चित्रातला माणूस, त्याचा धर्मांतर केलेल्या कोरीवकाराने केलेला शहाणा मुलगा, त्याचा मोराव्हियातल्या लेखनिकाने चर्मपत्रावर पुन्हा हाताने काढलेला शहाणा मुलगा, आणि त्या पानाभोवती पेसाहच्या रात्री बसलेली मुलं. हॅनिबल कोण हे त्यांतल्या एकालाही माहीत असायची गरज नव्हती.

हेर्लिंगेनच्या पानांवर ही नक्कल कुठल्या थराला गेली ते दिसतं. तांब्याच्या पत्र्यावर सावली दाखवायची तर कोरीवकाराला रेघांची जाळीच विणावी लागते. पत्र्याला राखाडी रंग माहीत नाही. लेखणीवाल्याला तशी सक्ती नसते, तो शाई पातळ करून सावली सहज पसरवू शकतो. तरीही हेर्लिंगेन लेखणीने ती जाळी विणतो. एकेरी रेघा, मग आडव्या, मग तिरप्या. पहिल्या पानावर खांबांची कमान आणि तिच्या दोन बाजूंना मोशे आणि आरोन, हेही छापील मुखपृष्ठाचंच रूप. हातभर लांबून पाहिलं तर छापच वाटावी. मी एकदा त्यातला वीतभर तुकडा टाकाने उतरवून पाहिला. तिरप्या रेघांतलं अंतर सारखं राखता राखता हात भरून आला आणि तिसऱ्या थराला जाळी तुटली. तेव्हापासून या कामाला ‘नुसती नक्कल’ म्हणणाऱ्याशी मी वाद घालते.

कारणं, आणि ती कुठवर पुरतात

पहिलं कारण पैसा, आणि ते खरंच आहे. व्हिएन्नातून ज्यूंना १६७० मध्ये हाकलून दिलं होतं. त्यानंतर सम्राटाला युद्धांसाठी पैसा, धान्य, घोडे लागले तेव्हा मोजक्या घराण्यांना खास परवान्याने परत घेतलं गेलं. सामुएल ओपेनहायमर आणि शिमशोन वेर्टहायमर ही त्यांतली मोठी नावं. जर्मन संस्थानांच्या दरबारांतही असे दरबारी ज्यू होते. त्यांची घरं, कपडे, मेजवान्या सरदारांच्या तोडीच्या होत्या. सरदाराकडे चर्मपत्रावरचं हस्तलिखित असणं ही प्रतिष्ठा. मग यांच्याकडेही हवं. छापील हग्गादा बाजारात कुणालाही मिळते, आपली तशी नको.

दुसरं कारण गावांचं. १७२६ मध्ये सम्राट सहाव्या कार्लने बोहेमिया-मोराव्हियातल्या ज्यू कुटुंबांची संख्या गोठवली : बोहेमियात ८,५४१, मोराव्हियात ५,१०६. एका कुटुंबातल्या थोरल्या मुलालाच कायद्याने लग्न करता येई, तेही बापाची जागा रिकामी झाल्यावर. धाकट्यांनी एकतर अविवाहित राहायचं, नाहीतर गाव सोडायचं. हातात विद्या असलेली मोराव्हियातली पोरं आल्टोनापर्यंत का पोचली, याचं उत्तर इथे आहे असं म्हणण्याचा मोह होतो. आल्टोनात तेव्हा डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता, तिथे हा कायदा लागू नव्हता. पण जपून बोलायला हवं. त्रेबिचच्या मोशे लेबची पहिली हग्गादा १७१६-१७ची आहे, कायद्याच्या दहा वर्षं आधीची. त्यामुळे या कायद्याने ही लाट उठवली असं म्हणता येत नाही. ती उठल्यावर माणसं दूरवर पांगायला त्याने हातभार लावला असेल, इतकंच.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते कळायला एका उलट्या उदाहरणाने मदत केली. त्याच काळात प्रागचे मुख्य रब्बी (धर्मगुरू) दाविद ओपेनहाइम मोठा ग्रंथसंग्रह करत होते. तोच पुढे १८२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलेयन ग्रंथालयाने घेतला. ओपेनहाइम छापखान्यांकडून काही पुस्तकांच्या खास प्रती चर्मपत्रावर किंवा निळ्या कागदावर छापून घेत. म्हणजे इकडे हात छापल्यासारखं अक्षर काढतो आहे आणि तिकडे छाप हस्तलिखिताचं चर्मपत्र पांघरते आहे. दोन्हीकडे हवं आहे तेच : स्पष्ट, प्रतिष्ठित अक्षर, पण या एकाच घरासाठी. छपाईकडे अक्षर होतं, घर नव्हतं. शंभर प्रती काढल्या की शंभरही सारख्या.

जे छापता येत नव्हतं

पोथ्यांची पहिली पानं वाचताना हे लख्ख दिसतं. लेखनिकाचं नाव येतं, गाव येतं, साल येतं, आणि पुष्कळदा ती कुणासाठी लिहिली त्याचं नाव येतं. छापील मुखपृष्ठावर छापखान्याचा मालक असतो तिथे इथे घरचा मालक. किंवा मालकीण.

मालकिणींबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण या लाटेतल्या मला सगळ्यांत प्रिय वस्तू त्यांच्याच आहेत. जेवणानंतर म्हणायच्या प्रार्थनेच्या छोट्या पुस्तिका हे लेखनिक करत. तळहातावर मावतील अशा, आणि अनेकदा लग्नात वधूला भेट देण्यासाठी. नाथान बेन शिमशोनने १७२८ मध्ये केलेली एक आज कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आहे. अशा पुस्तिकांत जेवणाच्या प्रार्थनेबरोबर बाईने पाळायच्या तीन गोष्टींचे आशीर्वाद येतात : कणकेतला वाटा काढून ठेवणं, पाळीनंतरचं शुद्धिस्नान, आणि शब्बाथचे (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचे) दिवे लावणं. प्रत्येकाजवळ चित्र. बाई परातीशी उभी आहे. बाई दिव्यांपुढे उभी आहे. चित्रातला पोशाख तेव्हाच्या श्रीमंत घरांतला. झोपताना म्हणायच्या प्रार्थनेशी पलंगाचं चित्र. फळ खाताना, विजा चमकल्यावर, सुवास घेतल्यावर म्हणायचे आशीर्वाद आणि त्यांची नखाएवढी चित्रं. मोठ्या धर्मग्रंथांत बाईचा रोजचा दिवस असा पानापानाने कुणी काढला नव्हता.

चित्रकलेच्या जाणकाराला या चित्रांत दोष दिसतील. हात लांब, खोलीतली मेजं कलंडलेली, माणसांचे चेहरे एकसारखे. हे लेखनिक चित्रशाळेत शिकलेले नव्हते. जिथे कित्ता असे तिथे चित्र सफाईदार येई, जिथे स्वतःच्या डोक्याने काढायचं तिथे रेघ चाचपडे. मला ती चाचपडणारी रेघच जास्त खरी वाटते. तिथे लेखनिकाने आम्सटर्डॅमचं पान मिटून गिऱ्हाइकाच्या घरात पाहिलेलं असतं. मेजावर पेला कसा ठेवतात, बाईची टोपी कशी असते, दिवा छतापासून किती खाली लोंबतो.

हेर्लिंगेनकडे परत जाते, कारण त्याच्यात हे दोन्ही टोकाला गेलं. त्याचं आडनाव श्रायबर असंही लावलं जाई, म्हणजे लिहिणारा. आपल्याकडच्या चिटणीस-फडणीसांसारखं कामाचंच नाव. आधी प्रेसबुर्ग, म्हणजे आजचं ब्रातिस्लाव्हा, आणि मग व्हिएन्ना असा त्याचा प्रवास. ज्या शहरात ज्यूला राहायलाही खास परवाना लागे, तिथल्या सम्राटाच्या ग्रंथालयात हा लेखनिक झाला. पाच मेगिल्ला, म्हणजे रूथ, गीतरत्न, उपदेशक, विलापगीतं आणि एस्तेर, त्याने एकाच पानावर बसवल्या. अक्षरं इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला ती राखाडी पट्ट्यांसारखी दिसतात. आणि प्रत्येक पुस्तक वेगळ्या पेहेरावात : कुठे चौकोनी हिब्रू, कुठे वळणदार रब्बानी लिपी, कुठे लॅटिन, कुठे जर्मन, कुठे फ्रेंच.

त्या पानाकडे पाहिलं की ‘आम्सटर्डॅमच्या अक्षरांत’ या ओळीचा सूर ऐकू येतो. हा माणूस अर्धा डझन वळणं लीलया काढू शकत होता. छापील हिब्रू हे त्यांतलं एक. ते त्याने निवडलेलं होतं.

पुढे

ही लाट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरली. सम्राट दुसऱ्या योसेफने १७८२ मध्ये व्हिएन्नातल्या ज्यूंसाठी सहिष्णुतेचा हुकूम काढला. श्रीमंत घरांतल्या पुढच्या पिढ्यांना जर्मन पुस्तकं, जर्मन शाळा, नवी प्रतिष्ठा खुणावू लागली. पोथ्या कपाटात गेल्या, काही विकल्या गेल्या, संग्रहालयांत आल्या. कितीतरींच्या पानांवर वाइनचे डाग आहेत. म्हणजे इतक्या मोलाची वस्तूही मेजावर उघडली जायची, मिसरवरच्या दहा संकटांची नावं घेताना पेल्यातला थेंब थेंब काढताना ती जवळच असायची.

हे सगळं माझ्यासाठी परक्या देशाची गोष्ट राहिली असती. पण हग्गादा पुण्यातही छापली गेली आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे शतकानुशतकं हिब्रू पुस्तकं नव्हती. पेसाहच्या दिवसांना ते ‘अनशी ढाकण्याचा सण’ म्हणत. आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचं, एवढी आठवण राहिली होती, का झाकायचं ते विसरलं होतं. एकोणिसाव्या शतकात पुस्तकं आली. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली. हा तोच काळ, जेव्हा मुंबईत गणपत कृष्णाजी पंचांग छापत होते. १८३१चं त्यांचं पंचांग शिळाछापाचं. सोवळ्या लोकांनी शाईतल्या चरबीवर आक्षेप घेतला म्हणून त्यांनी शाईत तूप घातलं, अशी हकीकत सांगतात. शिळाप्रेसमध्ये मजकूर लेखनिकच लिहितो, त्याचं अक्षर दगडावर उतरतं आणि मग छापलं जातं. आमच्याकडच्या छापील पोथ्या आडव्या, सुट्या पानांच्या, हाताच्या पोथीसारख्या दिसाव्यात अशाच काढलेल्या असत. व्हिएन्नात हाताने छापाचा कित्ता गिरवला होता. इथे छाप हाताचा कित्ता गिरवत होती. वाचणाऱ्याचा विश्वास जिथे बसलेला असतो, त्या रूपात पुस्तक त्याच्यापुढे जातं. तिकडे तो विश्वास आम्सटर्डॅमच्या खिळ्यांवर होता, इकडे बोरूच्या वळणावर.

पुण्यातली हग्गादा १८७४ सालची, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातली. प्रकाशक मोझेस याकोब तळकर आणि आरोन बिन्यामीन दिवेकर; आडनावांतूनच कोकणातली गावं ऐकू येतात. हिब्रूच्या जोडीने मराठी, आणि चित्रंही. मेझेरिचच्या नाथानने परातीशी उभ्या बाईला व्हिएन्ना-मोराव्हियाचा पोशाख घातला होता. पुण्याच्या चित्रात पेसाहच्या बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसल्या आहेत.